एसीत स्वयंपाकाचा गॅस? अजिबात भरू नका

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात गेला की गाडीच्या एसीवरचे उपाय मोबाइलवर फिरायला लागतात. सध्याच्या मेसेजात चार दावे आहेत: जुन्या गाडीत घरच्या सिलिंडरचा गॅस भरला तर एसी जास्त गार होतो, आत कोणता गॅस आहे ते गेजच्या प्रेशरवरून कळतं, जुन्या गाड्यांतला आर-12 आणि नंतरच्या गाड्यांतला आर-134ए हे एसीचे गॅस मिसळले तरी चालतं, आणि गॅस दर उन्हाळ्यात संपतोच. पारोळ्याच्या आमच्या नानांनी तो मला पाठवला, खाली विचारलं, "आपली गाडीमा भरी लेऊत का?" त्या गाडीत नातवंडं बसतात. म्हणून लिहितोय.

सिलिंडरचं आधी. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि त्यांनी गारवा येतो हे मान्य करावं लागेल. घरातल्या नव्या फ्रीजमध्येही आयसोब्युटेनच असतो. पण तिथे तो थोडाच, कायमच्या बंद नळ्यांत, आणि तो फ्रीज पेटणारा गॅस धरूनच बनवलेला. गाडीत रबरी होज, ओ-रिंग, कॉम्प्रेसरचं सील आणि वर रस्त्याचे हादरे. कधी ना कधी गळणारच. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती गळली तर गॅस थेट केबिनमध्ये येणार, तोही काचा बंद आणि ब्लोअरची मोटर चालू असताना. हवेत सुमारे 2 टक्के झाला तरी तो पेट घेतो! समोरून धडक बसली तर आधी फुटतो गाडीच्या नाकाशी असलेला एसीचा कंडेन्सर, आणि त्याच्या मागेच तापलेलं इंजिन. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने आर-12 च्या गाड्यांत असे हायड्रोकार्बन गॅस भरायला मनाईच केली आहे. "अमक्याच्या गाडीला काही झालं नाही" हे उत्तर मला कुणी देऊ नये.

प्रेशरवरून ओळख? 30 अंशांना, एसी बंद असताना, आर-12 चं प्रेशर साधारण 93 पीएसआय आणि 134ए चं 97. यावरून काय कळणार? बॉनेटखालचं स्टिकर वाचा, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर-12 चे व्हॉल्व्ह आट्यांचे, 134ए चे दाबून बसणारे. मधे कुणी गाडीतला गॅस बदलून घेतला असेल तर मात्र गॅस ओळखणारं आयडेंटिफायर मशीनच लागतं.

मिसळणं तर कॉम्प्रेसरच्या जिवावर बेततं. आर-12 सोबतचं मिनरल ऑइल 134ए गॅससोबत वाहून परत येत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. आर-12 वरून 134ए वर बदल करायचाच तर जुनं ऑइल काढून 134ए ला चालणारं पीएजी किंवा एस्टर ऑइल, ओलावा शोषणारा नवा ड्रायर, नव्या ओ-रिंग, नीट व्हॅक्यूम, मग मूळ वजनाच्या 80-90 टक्के 134ए, काट्यावर मोजून. भारतात 2010 पासून आर-12 चं उत्पादन बंद आहे, तेव्हा "ओरिजिनल बारा नंबर" म्हणून कुणी डबा पुढे केला तर घेऊ नका.

राहिलं गॅस संपण्याचं. तो जळत नाही, खर्च होत नाही. बरीच वर्षं गेल्यावर थोडा झिरपतो, इतकंच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे. नायट्रोजन भरून, साबणाच्या फेसाने ती जागा शोधायला लावा आणि ती दुरुस्त झाल्यावरच गॅस भरा.