‘ग्लुकोज चढवा, भरपेट जेवू घाला’: हा सल्ला जिवावर बेतू शकतो

अति डाएट करणाऱ्या मुलामुलींबद्दल एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरतोय: “याने फक्त वजन उतरतं, मेंदू-नसांना काही होत नाही. वजन बरं असेल तर काळजीच नको. चक्कर आली तर ग्लुकोजचं सलाईन लावा, भरपेट जेवू घाला; आठवड्यात ठणठणीत.” सर्वांत घातक भाग शेवटी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

“ग्लुकोज लावा.” ग्लुकोज वापरायला मेंदूला थायमिन (बी-१) लागतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम. खाणं सुटलं की दोन-तीन आठवड्यांत आटतो. अशात नुसतं ग्लुकोज गेलं की उरलंसुरलंही संपतं आणि वर्निके एन्सेफॅलोपॅथी (थायमिनअभावी मेंदूला होणारी इजा) होऊ शकते. बुबुळं थरथरतात, एकाचे दोन दिसतात, तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. सगळी लक्षणं दिसायची वाट पाहू नका. बहुतेकांत ती एकत्र दिसतच नाहीत. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिन आधी, निदान सोबत तरी. संशय असला तर शिरेतून, साधारण ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. मॅग्नेशियमही तपासा, ते कमी असेल तर थायमिन लागू पडत नाही. रक्तातली साखर खरोखर घसरली असेल, तर मात्र ग्लुकोज अडवून धरायचं नाही.

“भरपेट जेवू घाला.” अन्न मिळताच इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं. ते दर १०० मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅमच्याही खाली गेलं (किमान २.५ हवं), की स्नायू लुळे पडतात, भ्रम होतो, आकडी येते, श्वास अपुरा पडतो. पहिले तीन ते पाच दिवस जोखमीचे. धोका जास्त असलेल्या प्रौढाला पहिल्या दिवशी किलोमागे १० ते २० किलोकॅलरी, म्हणजे ३५ किलो वजनाला ३५० ते ७००. मग रोज रक्त तपासून वाढ. किशोरवयीनांना रुग्णालयात देखरेखीखाली याहून जास्तही देतात. घरी हा प्रयोग नकोच.

“वजन बरं असेल तर काळजी नको.” वारंवार उलट्या काढणाऱ्यांचं वजन पुष्कळदा नेहमीचंच असतं, पोटॅशियम मात्र तळाला गेलेलं असू शकतं. वजनाच्या काट्यावर चढण्याआधी कोणी लिटरच्या लिटर पाणी पितं. त्याने सोडियम घसरून आकडी येते. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध अशांना देत नाहीत, तेही आकडीच्याच भीतीने.

“नसांना काही होत नाही.” गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला बोटाला लागणाऱ्या हाडाला वळसा घालून एक नस जाते. तिच्यावरची चरबी झिजली की नुसतं पायावर पाय टाकून किंवा उकिडवं बसल्यानेही ती दबते. मग पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते, अंगठा उंबरठ्याला अडकतो. दोष कंबरेत शोधायला एमआरआय काढण्याआधी वजन किती आणि किती दिवसांत उतरलं, हे विचारा.

“आठवड्यात ठणठणीत.” उपासमारीत मेंदूही आक्रसतो, स्कॅनवर ते दिसतं. वजन परत आलं की तो बराचसा भरून येतो. त्याला महिने लागतात, आणि त्या दबलेल्या नसेलाही.