निळी ज्योत म्हणजे दारू शुद्ध? नाही, तो मेसेज थांबवा

आपल्या सोलापूरच्या ग्रुपांवर कालपासून फिरतंय, चमच्यात दारू पेटवा, ज्योत निळी आली तर शुद्ध, बिनधास्त प्या. हे चुकीचं आहे ओ, आणि जिवावर बेतणारं आहे.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करतो, इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, जळताना रोज बघतो, निळसर जळतं. पण विषारी मिथेनॉलही फिकट निळंच जळतं, मग डोळ्याला फरक कळणार कसा? दोन्ही मिसळलेलं असेल तर अजिबातच नाही. पेटवून बघायची आयडिया तशी जुनी आहे, इंग्लंडात पूर्वी बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून पेटवायचे, पेटलं तर 'प्रूफ', म्हणजे साधारण 57 टक्के अल्कोहोल. पण त्यातून कळायची ती फक्त तीव्रता, विष आहे की नाही ते नाही.

मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, डोळ्याची नस जाते, आणि त्रास बऱ्याचदा 12 ते 24 तासांनी सुरू होतो म्हणून माणूस गाफील राहतो. 2015 ला मुंबईत मालवणीत असल्याच दारूनं शंभरावर माणसं गेली.

हातभट्टी पिऊन कुणाला धूसर दिसायला लागलं, उलट्या झाल्या तर लगेच सिव्हिलला न्या. आणि तो मेसेज आलाय त्या ग्रुपवर हे टाका, तो पुढं पाठवू नका.