पॉइंटांसाठी पुरावस्तू? आधी हिशेब करा

"लिलावात जुनी वस्तू क्रेडिट कार्डावर घ्या, 45 दिवसांत विका, बिल भरा. नफा खिशात, कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट फुकट. विकली नाही तर किमान रक्कम भरत राहा. परदेशी लिलावात पॉइंट जास्त. दुबईत गिऱ्हाईक मिळतं. फसलात तर बँक पैसे परत देते." हा मेसेज आमच्या मामांकडे पोचलाय. नुकतेच निवृत्त झालेत, फंडाचे पैसे हातात आहेत आणि 'पेशवाईतला' म्हणून एक पितळी दिवा त्यांनी हेरूनही ठेवलाय. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर देत बसलो नसतो.

सगळा घात त्या 45 दिवसांत, म्हणजे कार्डाच्या बिनव्याजी मुदतीत आहे. हातोडा पडतो त्या किमतीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघराची घेणाऱ्याकडून फी, लागतो आणि त्या प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी. बोली 1 लाखावर थांबली, प्रीमियम 20 टक्के धरला, तर झाले 1,23,600. वस्तूवरचा कर, वाहतूक वेगळी. तेवढे नुसते परत मिळवायचे तर पुढची बोली त्याच्याही वर जायला हवी, कारण विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात. शिवाय वस्तू तपासणार, कॅटलॉगमध्ये घेणार, पुढच्या लिलावात लावणार, घेणाऱ्याचे पैसे आले की तुमचे देणार. यात महिने जातात. बाजारात तुरी, आणि इथे बिलाची तारीख ठरलेली!

बरं, किमान रक्कम, म्हणजे बँकेने ठरवलेला बिलाचा छोटा हिस्सा, भरली तर? रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश वाचा. मागच्या बिलातलं काहीही थकलं की बिनव्याजी मुदत बंद. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबते आणि व्याजावर व्याज चढतं, हा इशारा बँकेने ग्राहकाला द्यायचाच, असंही त्यात आहे. अनेक कार्डांवर व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. 1,23,600 वर एका महिन्याचे 4,326, वर जीएसटी 779. एक टक्क्याने पॉइंट किती? 1,236 रुपयांचे. एकदाच.

परदेशी लिलाव: सदबीज या बड्या लिलावघराने फेब्रुवारी 2025 मध्ये 20 लाख डॉलरपर्यंतच्या बोलीवर 27 टक्के प्रीमियम लावला. त्यावर कार्डाचं परकीय चलन शुल्क, मग कस्टम. पुढे काय बोलायचं?

दुबईच्या गिऱ्हाइकाचं मात्र बोलायलाच हवं. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे किमान 100 वर्षं जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा 6 महिने ते 3 वर्षं कैद, वर दंड. देशातल्या देशात असा खरेदी-विक्रीचा धंदा करायचा तरी परवाना लागतो. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल किंवा त्याला फिकीर नसेल. आत जाणार तो नाही.

एवढं मान्य, तेही नाइलाजाने: बिल पूर्ण भरणाऱ्याला पॉइंट मिळतात, जर विकणाऱ्याने कार्डाचे दोन टक्के वर मागितले नाहीत तर. वस्तू आलीच नाही तर बँकेकडे तक्रार करता येते, रोख देणाऱ्याला ती सोय नाही. पण पेशवाईतला दिवा गेल्या वर्षी मुरादाबादेत ओतलेला निघाला, तर? लिलावाच्या अटींत बहुधा 'आहे तशी', म्हणजे नंतर तक्रार नाही, असं छापलेलं असतं. बँक पुरावा मागणार, म्हणजे जाणकाराचा लेखी अभिप्राय आणायचा. त्याची फी मामांनीच द्यायची, आणि ती बहुतेक रोखच.