खुलासा : 'गीता प्रेस बंद पडतेय, देणगी पाठवा' हा मेसेज खोटा आहे

हिंदू धार्मिक पुस्तकं स्वस्तात छापणारी गोरखपूरची गीता प्रेस पैशाअभावी बंद होतेय, या खात्यावर मदत पाठवा, असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. 1923 पासून चालणारी ही संस्था देणगी घेत नाही, जाहिरातीही छापत नाही. गांधी शांतता पुरस्कार स्वीकारताना तिने 1 कोटींची रक्कमही नाकारली होती. स्वस्त पुस्तकांची तूट मातृसंस्था गोविंद भवन कार्यालयाच्या इतर विभागांतून भरून निघते. 2015 मध्ये काम थांबलं होतं हे खरं, पण ते पगाराच्या वादामुळे. अफवेला तिथूनच खतपाणी मिळालं. मेसेजमधल्या खात्यावर पैसे टाकू नका आणि तो पुढे पाठवू नका. मदतच करायची असेल तर पुस्तक विकत घ्या.