रेपर्टरी: एक अपरिवर्तनीय ग्रंथ, की अनेकांच्या मतभेदांतून घडलेली सूची?

होमिओपॅथीचे विद्यार्थी, घरच्या घरी औषधे देणारे हौशी उपचारक आणि या पद्धतीचे चाहते यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश अधूनमधून नव्याने फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. रेपर्टरी, म्हणजे लक्षणावरून औषध शोधण्याचा कोश, होमिओपॅथीचे जनक हॅनिमन यांनी रचला व अमेरिकेचे होमिओपॅथ केंट यांनी पूर्ण केला. त्यानंतर त्यात काना-मात्रेचाही फरक झालेला नाही. त्यातली प्रत्येक नोंद निरोगी माणसांना औषध देऊन पडताळलेली आहे. भारताने या कामात पुनर्मुद्रणापलीकडे काहीच केले नाही. आणि आता सारे संगणकात आल्यामुळे, प्रत्येक लक्षणापुढे औषधांना दिलेल्या गुणांच्या बेरजेत जे औषध पहिले येते ते गणिताने सिद्ध झालेले असून निःशंकपणे घ्यावे, असे त्यात म्हटलेले असते. ही पाचही विधाने चुकीची आहेत. होमिओपॅथीची औषधे गुण देतात की नाही, हा वाद येथे प्रस्तुत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला होता की, ही पद्धती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत आढळत नाही, एवढी नोंद करून मी मूळ विषयाकडे वळतो. होमिओपॅथीवर पूर्ण विश्वास असणाऱ्यानेही हा संदेश पुढे पाठवू नये, इतका तो तिच्याच इतिहासाशी विसंगत आहे.

पहिला दावा कर्तृत्वाचा. हॅनिमन यांना लक्षणसूचीची गरज फार लवकर जाणवली होती, यात शंका नाही. १८०५ मध्ये लाइपझिगहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लॅटिन ग्रंथात २७ औषधांची लक्षणे पहिल्या भागात दिली होती आणि दुसरा भाग म्हणजे त्याच लक्षणांची वर्णानुक्रमे केलेली सूची होती. ही सूची मूळ मजकुरापेक्षा मोठी झाली होती. पुढे स्वतःच्या वापरासाठी त्यांनी हस्तलिखित लक्षणकोशही सिद्ध केले, परंतु ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. रुग्णासमोर बसून वापरता येईल अशी छापील रेपर्टरी प्रथम दिली ती क्लेमेन्स फॉन बोनिंगहाउसेन यांनी, १८३२ मध्ये, म्युन्स्टर येथून. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. कायद्याचे पदवीधर, शेती आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार, असा त्यांचा पिंड. १८२७ च्या सुमारास फुप्फुसाच्या गंभीर आजारातून आपण होमिओपॅथीमुळे उठलो अशी त्यांची खात्री झाली आणि ते या मार्गाला लागले. प्रशियाच्या राजाने त्यांना उपचार करण्याची रीतसर परवानगी दिली ती १८४३ मध्ये, म्हणजे त्यांची रेपर्टरी प्रसिद्ध होऊन ११ वर्षे लोटल्यानंतर. त्या १८३२ च्या पुस्तकाला हॅनिमन यांनी स्वतः प्रास्ताविक लिहिले होते. ‘ऑर्गेनॉन’ या आपल्या मूलभूत सिद्धांतग्रंथाच्या १५३ व्या परिच्छेदाच्या तळटीपेत बोनिंगहाउसेन आणि आणखी एक सहकारी यार या दोघांनी या कामात मोठी सेवा केल्याचेही त्यांनी नोंदवले आहे. आपल्या सहकाऱ्यांचे श्रेय ज्यांनी स्वतः लिहून ठेवले, त्यांच्याच नावावर ते श्रेय जमा करणे विचित्रच म्हणावे लागेल.

बोनिंगहाउसेन यांच्या पहिल्या रेपर्टरीपासून केंट यांच्या पहिल्या आवृत्तीपर्यंत ६५ वर्षांचे अंतर आहे आणि ते रिकामे नाही. कॉन्स्टंटाइन लिप्पे, एडमंड ली, सहा खंडांचा कोश करणारे जेन्ट्री, हेरिंग यांच्या ग्रंथाची सूची १८९६ मध्ये प्रसिद्ध करणारे नेर अशी अमेरिकेतली मोठी परंपरा या काळात उभी राहिली. लिप्पे आणि ली यांचे काम हाताशी घेऊनच केंट यांनी आपला कोश रचला. मात्र या परंपरेला ‘एकाने सुरू केले, दुसऱ्याने पूर्ण केले’ असे सरळ रूप देता येत नाही, कारण तिच्या मुळाशी एक भांडण आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय रेपर्टरी कळत नाही.

बोनिंगहाउसेन यांनी १८४६ मध्ये ‘थेरप्युटिक पॉकेट बुक’ काढले तेव्हा प्रत्येक लक्षणाचे त्यांनी सुटे भाग केले: दुखते कोठे, कसे दुखते, कशाने वाढते, कशाने थांबते. गुडघ्यात फाटल्यासारख्या वेदना होतात, बसून राहिल्यावर त्या वाढतात आणि चालत राहिल्यावर कमी होतात, असे रुग्ण म्हणाला, तर ‘गुडघा’, ‘फाटल्यासारखी वेदना’, ‘विश्रांतीने वाढ’ आणि ‘हालचालीने आराम’ अशा चार याद्या वेगवेगळ्या पाहायच्या आणि चारही याद्यांत ठळकपणे येणारे औषध, येथे बहुधा ऱ्हस टॉक्स, निवडायचे. औषध एका अवयवाच्या बाबतीत ज्या गोष्टीने वाढ दाखवते तीच गोष्ट त्या औषधाच्या सबंध प्रकृतीला लागू असते, हे या पद्धतीतले गृहीतक. रुग्णाचे लक्षण अर्धवट मिळाले तरी काम अडत नाही, हा तिचा मोठा फायदा होता.

केंट यांना हेच गृहीतक मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, एका भागाचा गुणधर्म संपूर्ण माणसाला लावता येत नाही, आणि त्यासाठी दिले जाणारे उदाहरण खरोखर पटण्यासारखे आहे. आर्सेनिक हे औषध ज्याला लागू पडते असे मानतात, तो रुग्ण अतिशय थंडाळू असतो, पांघरूण सोडत नाही, उबेने त्याला बरे वाटते. पण त्याचे डोके दुखू लागले की त्याला थंड पाणी आणि मोकळी हवा हवीशी वाटते. आता ‘उबेने आराम’ ही एकच सामान्य यादी ठेवली, तर यातले नेमके काय नोंदवायचे? म्हणून केंट यांनी उलटी रचना केली. संपूर्ण माणसाची लक्षणे वेगळ्या प्रकरणात ठेवली आणि प्रत्येक अवयवाच्या प्रकरणात त्या-त्या वेदनेची वेळ, वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या गोष्टी, ती कोठे पसरते हे पुन्हा पुन्हा नोंदवले. डोक्याच्या प्रकरणाचा बराच मोठा भाग एकट्या डोकेदुखीने व्यापला आहे तो यामुळेच. पुढे अमेरिकेचे होमिओपॅथ बोगर यांनी १९०५ मध्ये बोनिंगहाउसेन यांचीच चौकट घेऊन ती इतकी बदलली की, प्रत्येक अवयवाखाली त्याची स्वतःची वाढ आणि आराम देणारी कारणे आली. केंट-पंथी आणि बोनिंगहाउसेन-पंथी असे तट आजही आहेत आणि एकाच रुग्णासाठी दोन्ही कोश वेगळी औषधे सुचवू शकतात. एका अखंड सत्याची ही वाटचाल मानायची, तर हे घडायलाच नको होते.

दुसरा दावा, काना-मात्रेचाही फरक नसल्याचा, फार वेळ घेणारा नाही. केंट यांची रेपर्टरी १८९७ पासून हप्त्याहप्त्याने निघाली, दुसरी आवृत्ती १९०८ मध्ये आली, आणि तिसरी १९२४ मध्ये, म्हणजे केंट १९१६ मध्ये वारल्यानंतर ८ वर्षांनी. या आवृत्त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. केंट यांच्या हाताच्या दुरुस्त्या जुळवून नवी प्रत सिद्ध करण्याचे काम पुढे जिनिव्हाचे पिएर श्मिट आणि दिल्लीचे दिवाण हरिश्चंद या दोघांनी केले. फ्रेडरिक श्रोयन्स यांची ‘सिंथेसिस’ आणि रॉजर फान झान्डफोर्ट यांची ‘कम्प्लीट रेपर्टरी’ या आजच्या कोशांनी केंट यांच्या मजकुरावर इतकी भर घातली आहे की, मूळ मजकूर शोधून काढावा लागतो. ‘सिंथेसिस’मध्ये प्रत्येक भरीजवळ ती कोणाकडून घेतली हे दिलेले असते, ही तिची सर्वांत उपयोगी गोष्ट, वापरणारे मात्र तिकडे क्वचितच पाहतात.

प्रत्येक नोंद प्रूव्हिंगमधून आल्याचा तिसरा दावा गंभीर आहे, कारण त्यावरच ‘वैज्ञानिक’ या शब्दाचा सारा भार टाकलेला असतो. प्रूव्हिंग म्हणजे निरोगी माणसाला औषध देऊन उमटलेली लक्षणे टिपणे. रेपर्टरीत या नोंदी आहेत. पण विषबाधेच्या जुन्या वृत्तांतातून उचललेली लक्षणे आहेत आणि, सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला औषध दिल्यानंतर जी लक्षणे नाहीशी झाली तीही आहेत. हेरिंग यांच्या दहा खंडांच्या ‘गायडिंग सिम्प्टम्स’मध्ये अशा ‘बऱ्या झालेल्या’ लक्षणांना मानाचे स्थान आहे आणि त्या ग्रंथाच्या सूचीतून ती पुढच्या कोशांत गेली. लक्षणापुढच्या औषधांना केंट यांनी महत्त्वानुसार ज्या तीन श्रेणी दिल्या त्यांपैकी सर्वांत खालच्या श्रेणीत तर पुन्हा प्रूव्हिंगने पडताळले न गेलेले, पण रुग्णांत बरे झालेले लक्षण मुद्दाम सामावून घेतले आहे. रुग्ण आपोआप बरा झाला असेल, किंवा दुसऱ्या कशाने झाला असेल, ही शक्यता अशा नोंदीत मिटवता येत नाही. या सरमिसळीवर पहिला आक्षेप होमिओपॅथीच्या विरोधकांनी नव्हे, तर तिच्याच पंडितांनी घेतला. इंग्लंडचे रिचर्ड ह्यूज यांनी हॅनिमन यांच्या उत्तरकालीन लक्षणयाद्यांचा उगम तपासून प्रश्न उपस्थित केले, आणि अमेरिकेच्या डेक यांच्याबरोबर १८८६ ते १८९१ या काळात केवळ प्रयोग आणि विषबाधा यांचे मूळ वृत्तांत देणारा चार खंडांचा कोश सिद्ध केला. सगळ्या नोंदी आधीच शुद्ध असत्या तर हा खटाटोप त्यांनी कशाला केला असता? आणि वर सांगितलेल्या बोनिंगहाउसेन पद्धतीत तर चार याद्या जोडून तयार होणारे संपूर्ण लक्षण कोणत्याही प्रूव्हिंगमध्ये एकत्र उमटलेले नसले तरी चालते. ते चालावे म्हणूनच ती पद्धत रचली गेली होती.

भारताने फक्त पुनर्मुद्रण केले, हा चौथा दावा आपल्याकडच्या लोकांनीच पसरवावा याचे नवल वाटते. स्वस्त भारतीय प्रतींमुळे केंट यांची रेपर्टरी प्रत्येक कॉलेजात पोहोचली हे खरे. पण दिल्लीच्या जुगल किशोर यांनी १९५९ मध्ये भोके पाडलेल्या कार्डांची रेपर्टरी काढली. एका लक्षणाचे एक कार्ड, प्रत्येक औषधाची ठरलेली जागा, आणि औषध त्या लक्षणात येत असेल तर त्या जागी भोक. रुग्णाच्या लक्षणांची कार्डे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरली की, ज्या भोकातून प्रकाश आरपार येतो ते सगळ्या लक्षणांत येणारे औषध. कार्डांची कल्पना पाश्चात्त्य देशांत आधीपासून होती, तरी तिला येथे वेगळा आणि विस्तृत आकार मिळाला. मुंबईचे डॉ. शं. रा. फाटक यांची छोटेखानी रेपर्टरी १९६३ ची. त्यांनी केंट यांची अवयववार प्रकरणे बाजूला ठेवली आणि मन, अवयव, वेदना, कारणे असे सर्व विषय एकाच वर्णानुक्रमात घातले. बोगर यांच्या विचारांची छाप त्यावर स्पष्ट दिसते. शब्दकोश उघडावा तशी ती उघडता येते, आणि गर्दीच्या दवाखान्यात जाडजूड केंट चाळत बसायला वेळ नसणाऱ्या डॉक्टरला हे किती सोयीचे होते, ते वेगळे सांगायला नको. संगणकाच्या काळात हॉम्पॅथ हे सॉफ्टवेअरही मुंबईतच तयार झाले.

राहिला संगणकाचा आणि गुणांचा दावा. केंट यांच्या पुस्तकात औषधांची नावे ठळक, तिरप्या आणि साध्या टाइपात येतात. त्यांना अनुक्रमे ३, २ आणि १ गुण देऊन बेरीज करण्याची रीत रूढ झाली. बोनिंगहाउसेन यांच्या श्रेणी पाच होत्या आणि त्यांचे निकषही निराळे होते. हे अंक कशाचे मोजमाप नाहीत. औषध आणि लक्षण यांचा संबंध किती वेळा नजरेस आला आणि संपादकाला तो किती भरवशाचा वाटला, एवढेच ते सांगतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियमचे ‘रडार’ आणि अमेरिकेचे ‘मॅकरेपर्टरी’ ही सॉफ्टवेअर आल्यापासून ही बेरीज क्षणात होऊ लागली, पण बेरजेत घातलेले अंक तेच जुने राहिले.

यातला दोष डच डॉक्टर लेक्स रुटेन यांनी होमिओपॅथीच्या आतूनच दाखवून दिला आहे. त्यांचा मुद्दा एका कल्पित हिशेबाने समजेल. समजा, दर १०० रुग्णांपैकी ३० जणांना एखादे लक्षण असतेच. सल्फरने बरे वाटलेल्या २०० रुग्णांपैकी ६० जणांत ते होते. एका क्वचित दिल्या जाणाऱ्या औषधाने बरे वाटलेल्या १० जणांपैकी ६ जणांत होते. नोंदी ६० विरुद्ध ६ असल्यामुळे सल्फर ठळक टाइपात जाईल आणि दुसरे औषध साध्या टाइपात. प्रत्यक्षात सल्फरच्या रुग्णांत ते लक्षण इतरांइतकेच, म्हणजे ३० टक्के आहे, त्यामुळे ते सल्फरबद्दल काहीच सांगत नाही. त्या छोट्या औषधाच्या रुग्णांत मात्र ते दुप्पट प्रमाणात आहे. जे औषध जास्त दिले गेले तेच जास्त ठिकाणी ठळक होते, आणि म्हणून सल्फर, लायकोपोडियम, कॅल्केरिया, फॉस्फरस ही नावे जवळजवळ कोणत्याही रुग्णाच्या बेरजेत वर येतात. सॉफ्टवेअर हा कल दुरुस्त करत नाही, तो अधिक सुबक तक्त्यात मांडते.

जे पहिले येईल ते निःशंकपणे घ्यावे, हा संदेशाचा शेवटचा सल्ला तर ज्या दोघांच्या नावाने तो दिला जातो त्यांनाच मान्य झाला नसता. ‘ऑर्गेनॉन’च्या त्याच १५३ व्या परिच्छेदात हॅनिमन सांगतात की, औषध निवडताना ठसठशीत, विलक्षण आणि क्वचित आढळणाऱ्या लक्षणांकडे मुख्यतः पाहावे, भूक मंदावणे, डोके दुखणे, अशक्तपणा यांसारखी सामान्य आणि अस्पष्ट लक्षणे फारशी उपयोगाची नाहीत. बेरीज मात्र विलक्षण आणि सामान्य लक्षणांना एकाच तराजूत घालते. केंट यांच्या मते रेपर्टरीचे काम काही मोजकी औषधे समोर आणून देण्यापुरते. निवड करायची ती मटेरिया मेडिका, म्हणजे औषधवार लक्षणांचे वर्णन देणारा ग्रंथ, पुन्हा उघडून, प्रत्येक औषधाचे संपूर्ण चित्र रुग्णाशी ताडून पाहून.