सात मिनिटांची गोळी

मेडिकलमध्ये काही वस्तू कुजबुजत मागायच्या असतात, हे काउंटरवरच्या पोरांना कोण शिकवणार? काल रात्री कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, ऐन गर्दीत, मी हळूच म्हटलं, "मेलाटोनिन, ३ मिलिग्रॅम." पोरगं आत बघून ओरडलं, "अण्णा, ह्यांस्नी झोप ईना झालीया, बघा काय हाय का!"

खोकल्याच्या औषधासाठी थांबलेले एक आबा वळले. कुस्तीत मोडलेले कान, खांद्यावर टॉवेल.

"कर्ज हाय?"

"नाही आबा."

"मग वाटणीचं भांडान?"

अब्रू वाचवायला मी शास्त्रावर आलो. "ही झोपेची गोळी नव्हे. मेंदूत एक इवलीशी ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडते, मग शरीराला कळतं रात्र झाली. डोळ्यांत उजेड गेला की ते काम थंडावतं."

"म्हंजे रात झाल्याची दवंडी."

मला चार लेख वाचून जे जमलं नव्हतं, ते आबांनी तीन शब्दांत उरकलं. राग आला.

"मग दिवा मालव की लेका!"

स्कूटीवर थांबलेली बाईसुद्धा हसली. मी चिडून १९५८ सालावर गेलो. लर्नर नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं जनावरांच्या त्याच ग्रंथीतून हे शोधलं, यानं बेडकाची कातडी फिकट पडते, वगैरे.

"बेडूक झोपला काय पण?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

"आन् ह्यानं किती लौकर लागती?"

"चाचण्यांची सरासरी काढली तर... एरवीपेक्षा सातेक मिनिटं आधी."

"सात मिन्टात म्या दोन कुस्त्या मारल्यात!"

दिवा मालवायचं म्हणाल तर माझी कधीही तयारी आहे. पण माझ्या खिडकीसमोरच्या खांबावर नवा एलईडी बसवलाय, पांढराफेक, निळसर. मेलाटोनिनला नेमका हाच निळा उजेड सोसत नाही. मध्यरात्री माझ्या गादीवर पेपर वाचता येतो. पडदा ओढावा तर वारा बंद. तीन अर्ज दिले. "सुरक्षेसाठी आहे" एवढंच उत्तर. चोर येऊ नये म्हणून घरमालकालाच जागं ठेवायचं, ही योजना मात्र मानली पाहिजे.

गोळी घेतली. लागली का झोप, ते सांगत नाही. आज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावतोय, तर शेजारचा अनोळखी माणूस म्हशीआडून वाकून म्हणतो,

"ते बेडकाचं औषध घेणारे तुमीच न्हवं?"