हरवलेले १९६ किलोज्यूल

"बाबा, तू सायन्सचा ना?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणायची सोय मला राहिलेली नाही. माझं पदवीचं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर टांगलेलं आहे. ते उतरवायचं मी अनेकदा मनावर घेतलं, पण उतरवलं की मागे भिंतीचा जुना रंग चौकोनी दिसतो, आणि तो चौकोन प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतो. म्हणून ते आहे तिथेच आहे.

"हो. का गं?"

"बंधऊर्जेचं एक गणित आहे. उत्तर जुळत नाहीये."

मी नुकतंच शेगडीवर लिटरभर पाणी तापत ठेवलं होतं. पाच मिनिटांचं काम, म्हणून तसाच उठून मुलीच्या टेबलाशी गेलो. प्रश्न एका ओळीचा होता. दिलेल्या बंधऊर्जांवरून मिथेनच्या ज्वलनाची उष्णता काढा. उत्तर पुस्तकाच्या शेवटी: एका मोलमागे उणे ८९० किलोज्यूल.

"सोपं आहे," मी म्हणालो. हा माझा पहिला अपराध. "बंध म्हणजे काय? ऊर्जेची गाठ. गाठ सुटली की आत कोंडलेली ऊर्जा बाहेर येते. मिथेन जळतो म्हणजे त्याचे बंध तुटतात, म्हणून उष्णता." हे सांगताना मी दोन मुठी एकमेकींना जोडून झटक्यात उघडल्या. हावभाव चांगला जमला होता.

मुलगी माझ्या उघड्या मुठींकडे बघत राहिली. "बाबा, हायड्रोजनचा एक रेणू घे. दोन अणू चिकटलेले. ते वेगळे करायला ओढावं लागेल, की सोडले की आपोआप उडतील?"

"ओढावं लागेल."

"मग ऊर्जा कोणाची जाणार?"

"ओढणाऱ्याची."

"मग?"

मी मुठी खिशात घातल्या. तीस वर्षं मी हे ज्ञान बाळगून होतो आणि कोणी हटकलं नव्हतं. पण यात मी एकटा नाही. शरीरातल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूबद्दल बोलताना 'त्याच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते, तो तुटला की ती मिळते' असं भलेभले सांगतात. प्रत्यक्षात कुठलाही बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते, त्याला अपवाद नाही. मिळते ती नवे बंध जुळताना. जुने तोडण्यात गेली त्याहून नवे जोडण्यात जास्त आली, तर वरची शिल्लक उष्णता म्हणून हाती पडते. स्फोटकांचा धाकसुद्धा तुटण्यात नसतो. त्यातले नायट्रोजनचे अणू एकमेकांना सापडतात आणि तिहेरी बंधाने असे मिठी मारतात की ती सोडवायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागावेत. एवढं सगळं त्या मिठीतून एका क्षणात बाहेर पडतं. थोडक्यात, धमाका भांडणाचा नसून समेटाचा असतो.

"म्हणजे तोडणं खर्च आणि जोडणं जमा," मी सावरून घेतलं. "तेच म्हणत होतो मी."

तिने वाद घातला नाही. मुलं मोठी झाल्याची ही खूण मला आवडत नाही.

कोष्टक समोर होतं. कार्बन-हायड्रोजन ४१३, ऑक्सिजनचा दुहेरी ४९८, कार्बन-ऑक्सिजन दुहेरी ७४५, ऑक्सिजन-हायड्रोजन ४६३. सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल. मोल या शब्दाने मी विद्यार्थिदशेतही गांगरायचो. 'बंधाला मोल असतं' हे वाक्य मला निबंधातलं वाटायचं. पण हा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. एक बंध तोडायची किंमत इतकी क्षुल्लक असते की किरकोळीत सांगायची सोय नाही, म्हणून भाव घाऊकच सांगतात.

मी पेन घेतलं. तोडायचे: मिथेनचे चार, १६५२. ऑक्सिजनचे दोन रेणू, ९९६. एकूण २६४८. जोडायचे: कार्बन डायऑक्साइडचे दोन दुहेरी, १४९०. पाण्याच्या दोन रेणूंचे चार, १८५२. एकूण ३३४२. वजाबाकी ६९४. मी खाली ठळक अक्षरांत 'अधिक ६९४' लिहून पेनाचं टोपण लावलं.

"अधिक म्हणजे उष्णता शोषली जाते, बाबा. मग आपल्या शेगडीवरच्या पाण्याचा बर्फ होईल."

मी टोपण काढून अधिकाचं उणे केलं. तरीही उणे ६९४. पुस्तक म्हणत होतं उणे ८९०. मधले १९६ किलोज्यूल गेले कुठे?

"माझंही हेच आलंय," ती म्हणाली. "म्हणून तर तुला बोलावलं."

इथे बायको आली. ती हिशोबतपासनीस आहे. ताळेबंद जुळत नसलेलं घर तिला दारातूनच कळतं. "फरक किती?" एवढंच तिने विचारलं. मी १९६ म्हणालो.

"नऊने भाग जातो का बघा. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालीये. त्रेसष्टचे छत्तीस, असं काहीतरी."

एक, नऊ, सहा. बेरीज सोळा. भाग जात नव्हता.

"मग निम्मे करा. निम्म्या रकमेची नोंद कुठे सापडली तर ती जमेऐवजी नावे पडलेली असते."

निम्मे ९८. कोष्टकात ९८ कुठेच नव्हते. तिने चष्मा वर केला. "मग एक चूक नाही. दोन आहेत." आणि ती खुर्ची ओढून बसली. हिशोबतपासनीस खुर्ची ओढून बसला की घरातल्या कोणालाच उठता येत नाही.

"मुळात हे ४१३ कुठून आले? पावती काय?"

मुलीने सांगितलं की ही सरासरी आहे. मिथेनचे चार हायड्रोजन एकेक करून काढले तर पहिल्याला ४३९, दुसऱ्याला सुमारे ४६२, तिसऱ्याला ४२४ आणि चौथ्याला ३३८ किलोज्यूल लागतात. चौघांची सरासरी ४१६. आणि इतर संयुगांतले असेच बंध धरून कोष्टकात ४१३.

"म्हणजे चौघांपैकी एकालाही ४१३ लागत नाहीत?"

"नाही."

"आणि तरी हिशोबात सगळ्यांच्या नावे ४१३?"

"हो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. जणू ही व्यवस्था मी लावली होती.

"पण मोजतात कशाने? बंध ओढून बघतात का काट्यावर?"

आता माझी वेळ होती. हे मला येत होतं, कारण आदल्याच रात्री झोप येईना म्हणून मी वाचलं होतं. म्हणालो, ओढूनही बघतात. १९९९ साली जर्मनीत एका अतिसूक्ष्म सुईच्या टोकाला आणि खालच्या काचेला एका साखररेणूची लांब साखळी दोन्ही बाजूंनी रासायनिक बंधाने चिकटवली आणि सुई वर ओढली. साखळी तुटली ती सुमारे दोन नॅनोन्यूटन बलाला. म्हणजे एका मायक्रोग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याचं वजन. आणि त्यातही गोम अशी की सावकाश ओढलं तर बंध कमी बलात तुटतो, कारण उष्णतेच्या धक्क्यांना मदत करायला वेळ मिळतो.

"म्हणजे किती जोराने तुटला ते ओढणाऱ्याच्या घाईवर?" बायको म्हणाली. "ही कसली पावती?"

म्हणून तर कोष्टकात बल नसतं, ऊर्जा असते, मी म्हणालो. ती प्रकाशानेही मोजतात. रेणू कंप पावतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. वर जावं तसतशा पायऱ्या एकमेकींच्या जवळ येतात, आणि शेवटी पायरीच उरत नाही, रेणू फुटतो. बर्ज आणि स्पोनर या दोघांनी १९२६ साली दाखवलं की पायऱ्यांमधलं अंतर कसं घटतंय ते बघून शेवटची पायरी कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. जिन्याच्या खालच्या पायऱ्या मोजून गच्चीची उंची सांगायची. आयोडीनच्या जांभळ्या वाफेवर हा खेळ छान जमतो. तिथे बंध आहे १५१ किलोज्यूलचा, अगदीच लेचापेचा. सगळ्यांशी झोंबणारा फ्लोरीन तर स्वतःशी जेमतेम १५८ ने बांधलेला असतो, क्लोरीनच्या २४३ पेक्षा कितीतरी कमी. त्याच्या दोन चिमुकल्या अणूंवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनजोड्या इतक्या दाटीने समोरासमोर येतात की एकमेकींना ढकलत राहतात. आणि सगळ्यात तळाला हेलियमची जोडी. एका मोलमागे ज्यूलचा साधारण शंभरावा भाग. तिला बंध म्हणायचं की ओळख, हा प्रश्न आहे.

मी रंगात आलो होतो. मुलगी घड्याळाकडे बघत होती.

"मिथेनचं सांगा," बायको म्हणाली.

मिथेनचं सांगणं अवघड होतं, कारण तिथे थोडी लाज आहे. अशा रेणूंचे सरासरी आकडे मिळाले ते मुख्यतः जाळून. जाड पोलादी भांडं, त्याला नावही बाँब. आत दाबाखाली ऑक्सिजन, ठिणगी द्यायला तार, भोवती पाणी, पाण्यात थर्मामीटर. पदार्थ जळतो, पाणी किती अंश तापलं ते बघायचं. मग हेस या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये सांगितलेल्या नियमाचा आधार घ्यायचा: कुठल्याही वाटेने जा, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच. या नियमाने ज्वलनाच्या उष्णतेवरून उलटं मागे येत बंधांचे आकडे काढतात.

बायको क्षणभर गप्प राहिली. "म्हणजे जाळून आकडे काढले, आणि आता त्याच आकड्यांवरून जाळल्यावर किती मिळेल ते काढताय?"

"हो."

"आणि तरीही जुळत नाही."

यावर रसायनशास्त्राच्या बाजूने बोलायला मला काही सुचलं नाही. नव्या, कधी न जाळलेल्या पदार्थांचा अंदाज घ्यायला ही कोष्टकं उपयोगी पडतात हे मला आठवलं, पण रात्री दोन वाजता अंथरुणात आठवलं.

तेवढ्यात मुलगी ओरडली. कोष्टकातल्या ७४५ च्या डोक्यावर एक चांदणी होती. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात: कार्बन डायऑक्साइडमध्ये ७९९. तिथे एकाच कार्बनला दोन्हीकडून ऑक्सिजन असतात, इलेक्ट्रॉन साऱ्या रेणूभर पसरतात आणि पकड इतर ठिकाणापेक्षा घट्ट होते. ७९९ वजा ७४५, चोपन्न. दोन बंध, एकशे आठ.

"एकशे आठला नऊने भाग जातो," बायको पुटपुटली. तिला वाईट वाटलं असावं.

आता उत्तर उणे ८०२. पुस्तकाचं उणे ८९०. उरले ८८.

"निम्मे?" मी आणि मुलगी एकदम.

"चव्वेचाळीस. काय आहे तुमच्याकडे चव्वेचाळीस?"

कोष्टक पुन्हा वरपासून खालपर्यंत. काही नाही. चांदण्या संपल्या होत्या. मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"तुमचे रेणू सगळे वायू धरलेत ना?" बायको म्हणाली. "मग जे पाणी तयार झालं ते पाणी आहे की वाफ?"

मुलीने कपाळावर हात मारला. बंधऊर्जेचे आकडे नेहमी वायुरूपासाठीच असतात. आमच्या हिशोबातलं पाणी वाफ होतं, पुस्तकातलं द्रव. एक मोल वाफेचं २५ अंशांना पाणी झालं की ४४ किलोज्यूल मिळतात. ते बंध तोडण्याजोडण्याचे नव्हेत, रेणू एकमेकांच्या नुसत्या जवळ आल्याचे. दोन मोल पाणी, अठ्ठ्याऐंशी. ताळेबंद जुळला. मुलीने उणे ८९० खाली दोन रेघा ओढल्या. हे बायकोनेच तिला लहानपणी शिकवलं होतं.

आणि 'वाफ' हा शब्द हवेत असतानाच स्वयंपाकघरातून तापलेल्या धातूचा वास आला.

भांडं कोरडं ठणठणीत होतं. तळाला पांढरा क्षार, कडेला निळसर-जांभळा रंग. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि भांड्याला काय म्हणावं याचा विचार करत उभा राहिलो. मागून दोघी आल्या.

"किती होतं?" बायको.

"लिटरभर."

"हजार भागिले अठरा," मुलगी. "साडेपंचावन्न मोल. गुणिले चव्वेचाळीस. ढोबळ मानाने दोन हजार चारशे बेचाळीस किलोज्यूल."

"बाबांच्या नावे टाक," बायको म्हणाली.

"आणि त्यासाठी मिथेन किती जळला? बाबा, ८०२ ने भागू की ८९० ने?"

त्या संध्याकाळी मला खात्रीने येत असलेला हा पहिलाच प्रश्न होता. शेगडीत तयार होणारं पाणी वाफ होऊनच उडून जातं, त्याचे ४४ भांड्याला मिळत नाहीत. "८०२," मी छाती फुगवून म्हणालो, आणि दुसऱ्या हातातलं भांडं किती गरम आहे ते तेव्हाच कळलं.